जेलचा आकडा येतो कुठून?

पाचशे. आमच्या जिल्ह्यात जे नवीन कारागृह होणार आहे त्याची क्षमता ५०० बंदी असं पेपरात आलं, आणि तेव्हापासून गावात दोनच विषय चालू आहेत, टेंडर कुणाला सुटणार आणि त्या रोडवरच्या प्लॉटिंगचे भाव पडणार का. पाचशेच का, साडेतीनशे का नाही, आठशे का नाही, हे विचारणारं मला तरी कुणी भेटलं नाही. माझा मामेभाऊ बांधकाम खात्यात जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता आहे, शेजारच्या जिल्ह्यात, त्याला फोन केला तर म्हणला, "ताई, आकडा वरून येत असतो, आपण फक्त त्यात बसंल असा प्लॅन काढायचा."

मी फौजदारीची वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहे, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याची केस माझ्याकडं येते, त्यामुळं जेलात जाणं-येणं कायमचंच. इंजिनिअरिंगमधलं मला काही कळत नाही. पण हा पाचशेचा आकडा डोक्यातून जाईना म्हणून जेल कसं प्लॅन करतात यावर जे सापडंल ते वाचत सुटले. बरंचसं अमेरिकेतलं, कारण तिकडं काउंटी जेल नावाचा जो प्रकार आहे तो आपल्या जिल्हा कारागृहाच्या बऱ्यापैकी जवळचा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, जेल बहुतेक ठिकाणी शेरीफच्या म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाच्या ताब्यात, आणि आत लोक कोण, तर खटला चालू असलेले नाहीतर वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे. मोठ्या शिक्षेवाले राज्याच्या तुरुंगात जातात. आपल्याकडंही जिल्हा कारागृहात गेलं तर जिकडं बघावं तिकडं कच्चेच कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. देशाचं घ्यायचं तर एनसीआरबीच्या म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात एकूण ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे चारातले तीन. आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची.

तर तिकडचे प्लॅनर जे गणित मांडतात ते पाचवीतल्या पोराला येईल इतकं सोपं आहे. वर्षाला आत येणारे किती आणि एक माणूस सरासरी किती दिवस आत राहतो, या दोघांचा गुणाकार करायचा आणि ३६५ नं भागायचं. समजा वर्षाला १,२०० जण आले आणि सरासरी ६० दिवस राहिले तर रोज मुक्कामाला १९७ माणसं. तेच १,२०० जण १२० दिवस राहिले तर ३९४. गुन्हे तेवढेच, आरोपी तेवढेच, पोलीस तेवढेच, आणि जेल मात्र दुप्पट लागलं. वरून थोडी जास्तीची जागा ठेवतात कारण सरासरी म्हणजे काही दिवस जास्त पण असणार, शिवाय बायका वेगळ्या, पोरंटोरं वेगळी, आजारी वेगळे, त्यांच्या रिकाम्या जागेत दुसरा कुणी घालता येत नाही. पण मूळ गणित एवढंच.

हे वाचल्यावर मला आमचं रोजचं कोर्टच दिसायला लागलं. दिवस कुठं वाढतात ते आम्हाला विचारा ना. चार्जशीट ६० नाहीतर ९० दिवसांत आली पाहिजे, नाही आली तर जामीन मिळतो, म्हणून ती बहुतेक वेळा कशीबशी येतेच. खरे दिवस त्याच्या पुढं जातात. एफएसएलचा म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही, साक्षीदाराला समन्स बजावलं नाही, आरोपीला आणायला पोलीस मुख्यालयातून कैदी पार्टीच मिळाली नाही, मग काय, पुढची तारीख. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जामीन मंजूर होऊनही माणूस आत बसलेला असतो, कारण जामीनदार नाही. जामीनदाराला सातबारा पाहिजे, नाहीतर सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला पाहिजे. आमच्याकडं बीड, धाराशिव, जालना पट्ट्यातली ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या आसपास कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत राहायला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकात. पोरगं नोव्हेंबरात आत गेलं तर जामिनाला उभं राहायला गावात आहे कोण? म्हातारी. तिच्या नावावर काय, तर काहीच नाही. मग ते पोरगं पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत आत. असे महिने तुमच्या त्या गुणाकारात जातात आणि मग वरून आकडा येतो, पाचशे.

यावर उपाय नाहीत असं नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ४७९ मध्ये आहे की पहिल्याच वेळी गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बॉण्डवर सोडायचं, बाकीच्यांना निम्म्या काळानं, आणि हे कोर्टाला कळवायची जबाबदारी जेल अधीक्षकाची. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला ते लागू नाही, एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी लागू नाही, त्यामुळं चाळणीतून बरेच गळतात, तरी काहीतरी आहे. शिवाय २०२३ मध्ये केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी ४० हजारापर्यंत आणि दंडासाठी २५ हजारापर्यंत सरकार भरणार असं तेव्हा ठरलं. किती जणांना माहीत आहे? वकिलांना पण सगळ्यांना माहीत नाही, खरं सांगायचं तर. माझं म्हणणं इतकंच आहे की नवीन जेलचा प्रस्ताव करताना आधी कुणीतरी बसून गेल्या दोन-तीन वर्षांची जेलची रजिस्टरं काढावीत, कोण किती दिवस राहिला, कशामुळं राहिला, त्यातले जामीन होऊन पण अडकलेले किती, ते मोजावं. मग पाचशे निघू दे नाहीतर सातशे. माझी काही तक्रार नाही.

आता कुणी म्हणंल, बाई जेल नकोच म्हणायलीय का. नाही हो. जेल पाहिजेच. जालना १ मे १९८१ ला वेगळा झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली तर १ मे १९९९ ला. जिल्हा नवीन झाला की कलेक्टर ऑफिस येतं, एसपी ऑफिस येतं, जिल्हा परिषद येते, जेलचं नाव सगळ्यात शेवटी. तोवर कैदी शेजारच्या जिल्ह्यात, नाहीतर तालुक्याच्या दुय्यम कारागृहात, जिथं जुन्या तहसीलच्या आवारात चार खोल्या असतात आणि त्यात किती कोंबलेत ते बघवत नाही. माणूस शेजारच्या जिल्ह्यात असला की तारखेला आणायचा म्हणजे गाडी, डिझेल, पार्टी, सगळा दिवस. आणि घरचे भेटायला जायचे म्हणजे रोजगार बुडवून दोन एसट्या बदलून. तेव्हा जवळ जेल हवं याच्यात वाद नाही. वाद आहे तो कसं हवं याच्यात.

जागेचं बघा. जेलसाठी जागा म्हणजे गायरान, आणि गायरान शिल्लक कुठं, तर शहरापासून लांब जिथं कुणाचं लक्ष गेलं नाही तिथं. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये जिल्हा कारागृहाच्या तटाबाहेर १०० मीटर पट्टा मोकळा सोडायला सांगितलाय, मध्यवर्तीला १५०. हे ऐकायला साधं वाटतं पण हिशोब करा, आतला चौकोन १५० बाय १५० मीटरचा धरला तर साडेपाच एकर, आणि चारी बाजूनं शंभर-शंभर मीटर सोडले की ३५० बाय ३५०, म्हणजे तीस एकर. शहरात तीस एकर कोण देणार? मग जातं माळावर. आणि माळावर गेलं की कोर्ट लांब, सरकारी दवाखाना लांब, एसटी स्टँड लांब. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर सिव्हिल हॉस्पिटलपर्यंतचं अंतर हा सुद्धा प्लॅनचाच भाग आहे की नाही? मामेभावाचं दुखणं वेगळंच, तो म्हणतो की माळ मिळाला तर नशीब समजा, खाली मुरूम तरी लागतो, पण काळ्या रानात जागा दिली तर मेलो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर भिंत असली तर ती पण भेगाळते, आणि घराच्या भिंतीला तडा जाणं वेगळं आणि जेलच्या तटाला तडा जाणं वेगळं. त्याचं हे वाक्य मला पटलं.

आतल्या जागेचे नियम मी जेव्हा पहिल्यांदा नीट वाचले तेव्हा मजा वाटली. बॅरेकमध्ये माणसामागं ३.७१ चौरस मीटर जमीन आणि १५.८३ घनमीटर हवा. असले विचित्र आकडे का, तर फुटात करून बघा, ४० चौरस फूट आणि ५६० घनफूट. म्हणजे ४० फुटावर १४ फूट उंच छत. कुठल्या तरी जुन्या फुटाच्या हिशोबाचं मीटर करून पुढं चालू ठेवलेलं दिसतंय. पण आपल्याकडच्या मे महिन्यात ते चौदा फूट खरंच कामाला येतात, छत उंच असलं तर गरम हवा वर राहते, आणि माणसामागं १.१२ चौरस मीटर खिडकी-झरोका पण सांगितलाय. कागदावर एका बॅरेकमध्ये वीसच माणसं, म्हणजे ८०० स्क्वेअर फुटाचा हॉल. प्रत्यक्षात कुणी जेलात जाऊन आला असंल त्याला विचारा, कूस बदलायची म्हणली तर शेजारच्याला सांगून बदलावी लागते. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दीडपर्यंत खाली आग ओततो आणि संध्याकाळची बंदी झाली की सकाळपर्यंत दरवाजा उघडत नाही. गच्चीवर झोपायला जाता येत नाही तिथं! त्यामुळं स्लॅबवर काय टाकायचं, चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर) टाकायची का पांढरा थर द्यायचा, का वर पत्र्याचं दुसरं छत करायचं, हा मला सीसीटीव्हीच्या संख्येपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. पण अंदाजपत्रकात कात्री लागली की पहिली या छताच्या कामालाच लागते असं भाऊ म्हणतो.

आणि पाणी. मराठवाड्यात राहून पाण्याशिवाय कसलाही प्लॅन करणारा माणूस धन्य आहे. मॅन्युअल म्हणतं माणशी रोज १३५ लिटर. पाचशे कैदी धरले तर ६७,५०० लिटर, दहा हजाराचे सात टँकर, रोज, आणि यात स्टाफ क्वार्टर नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्यांना आठवत असंल, पहिल्या गाडीला पाण्याच्या दहा वाघिणी (डबे) होत्या, साधारण पाच लाख लिटर. ती आख्खी गाडी एका पाचशेच्या जेलला आठवडाभर पुरली असती, बस्स. मग बोअर किती, पाझर तलाव जवळ आहे का, नगरपालिकेची लाइन तिथपर्यंत येते का, संडास-बाथरूमचं पाणी परत वापरून बागेला देता येईल का, छतावरचं पाणी साठवायला टाकी कुठं, हे सगळं तटाची उंची ठरायच्या आधी ठरलं पाहिजे. तट काय, पुढच्या वर्षी पण बांधता येतो.

डिझाइनच्या बाबतीत जेल म्हणजे शेवटी कोण कुणाला बघतो याचा खेळ आहे. अंदमानचं सेल्युलर जेल आपल्याकडं सगळ्यांना सावरकरांमुळं माहीत, १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं, मधे एक मनोरा आणि त्याला सात ओळी, आणि एका ओळीच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या ओळीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला दुसरा कैदी दिसताच कामा नये. तिथं उद्देशच तो होता. नंतरची जेलं पण बहुतेक तशीच लांबलचक ओळीची, मधून शिपाई फेरी मारणार आणि तो पुढं गेला की मागं काय चाललंय त्याला दिसणार नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारनं शिकागो, न्यूयॉर्क, सॅन डिएगोला वेगळा प्रयोग केला, मधे मोठा हॉल, भोवती खोल्या, आणि शिपाई काचेच्या मागं नाही तर हॉलमध्ये कैद्यांतच बसलेला, मधे गज नाहीत. सगळे म्हणले मारामाऱ्या होतील, पण उलट त्या कमी झाल्या. मग १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीनं मार्टिनेझ गावात आपलं जेल तसं बांधलं, काउंटीचं तसलं पहिलंच. कारण साधं आहे, जो शिपाई दिवसभर त्याच माणसांत आहे त्याला कोण बिथरलंय, कोण रडायलंय, कुणाला कोण त्रास द्यायलंय हे आधी कळतं. आपल्याकडं हे जसंच्या तसं आणा असं मी म्हणत नाही, आपल्याकडं एका शिपायामागं माणसं किती ते बघा आधी. पण नकाशा काढताना निदान एवढं करावं की शिपायाच्या खुर्चीच्या जागी बसून बघावं, इथून काय दिसतं. कोपरे किती मरतात. संडासाचा आडोसा इतका पण नको की मागं काही होईल आणि इतका उघडा पण नको की माणसाला लाज वाटंल.

बायकांच्या विभागाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. देशात कैद्यांमध्ये बायका शंभरातल्या चार. म्हणजे पाचशेच्या जेलात वीसेक. वीस म्हणजे कुणाच्या हिशोबात येत नाहीत, मग एका कोपऱ्यात एक बॅरेक आणि भोवती भिंत घातली की झाला महिला विभाग. ग्रंथालय पुरुषांच्या बाजूला, दवाखाना पुरुषांच्या बाजूला, शिवणकामाचं शेड असलं तर असलं. बाईला डॉक्टरला दाखवायचं तर आधी पुरुषांचं अंगण रिकामं करायचं, तेवढी माणसं ड्युटीवर नसतात म्हणून उद्या. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईसोबत राहू शकतं, सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये त्याबद्दल सविस्तर सांगून ठेवलंय, पाळणाघर, दूध, खेळायला जागा. ते लेकरू काही आरोपी नाही. मी एकदा एका बाईला भेटायला गेले तर तिचं दोन-अडीच वर्षांचं पोरगं गिनतीच्या शिट्टीला आपोआप रांगेत जाऊन बसलं. असो.

मुलाकतीची जागा पण नकाशावर उरलेल्या कोपऱ्यात येते. आत जाळी किंवा काच, फोन, दहा जण एकदम ओरडायलेत, कुणाला काही ऐकू येत नाही, ते एक. पण मला बाहेरचं जास्त टोचतं. सकाळी साडेसहाच्या गाडीनं निघालेली माणसं नऊला येऊन बसतात, आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हणलं की परत गावात, तिथं झेरॉक्सचं दुकान नाही, सावली नाही, बायकांना संडास नाही, प्यायला पाणी गेटवरच्या शिपायाला मागायचं. नवीन जेलच्या नकाशात मेन गेटच्या बाहेर एक मोठं शेड, पंखे, पाण्याची टाकी, संडास आणि एसटीचा थांबा, एवढं आधी काढा. ई-मुलाकत आहे, व्हिडिओवर बोलता येतं, चांगलंच आहे, पण ज्या म्हातारीकडं साधा बटनाचा फोन आहे तिला काय सांगायचं.

आणखी एक. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जातीवरून जेलात कामं वाटायची नाहीत असा निकाल दिला, राज्यांच्या जुन्या मॅन्युअलमध्ये झाडलोट कुणी आणि स्वयंपाक कुणी करायचा हे अक्षरशः लिहिलेलं होतं काही ठिकाणी, ते रद्द केलं, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना पण काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मजात सराईत गुन्हेगार समजणं बंद करा म्हणून बजावलं. आमच्याकडं पारध्याच्या पोराला काय सोसावं लागतं ते मला वेगळं सांगायची गरज नाही. नवीन जेल म्हणजे नवीन रजिस्टर. पहिल्या दिवशी तो रकाना छापलेलाच नसला पाहिजे, एवढी साधी गोष्ट, आणि फुकटातली.

आता माणसांवर येते, कारण खरी मेख तिथंच आहे. मॅन्युअलप्रमाणं सहा कैद्यांमागं एक शिपाई, म्हणजे पाचशेला ८३. ऐकायला भरपूर वाटतात. पण एकच टॉवर घ्या. चोवीस तास, तीन पाळ्या, आठवड्याच्या झाल्या २१ पाळ्या. एक माणूस सुट्टी धरून सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं नुसती खुर्ची भरायला, आणि त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग, लग्नकार्य धरलं की साडेचार तरी लागतात. चार कोपऱ्यांना चार टॉवर म्हणजे अठरा माणसं आकाशात उभी. मेन गेटला आणखी, झडतीला आणखी, महिला विभागात बायकाच पाहिजेत, दवाखान्यात एक, मुलाकतीला दोन, मग बॅरेकसमोर उरलं कोण? नकाशात काढलेला प्रत्येक जास्तीचा दरवाजा म्हणजे साडेचार पगार, कायमचे. तिकडचे प्लॅनर सांगतात की तीस वर्षांचा सगळा खर्च धरला तर बांधकामाचा हिस्सा साधारण दहावाच असतो, बाकी सगळं चालवायला जातं आणि त्यातलं बहुतेक पगाराला. आपल्याकडं मात्र बांधकामाची प्रशासकीय मान्यता एका फाइलवर आणि पदनिर्मिती दुसऱ्या फाइलवर, आणि ही दुसरी फाइल पहिलीच्या मागं किती वर्षं चालते हे देवालाच माहीत.

आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंड शहर आहे, तिथल्या मल्टनोमा काउंटीनं वापाटो नावाचं जेल बांधलं, ५२५ खाटा, ५.८ कोटी डॉलर खर्च, २००४ ला तयार. सगळं नवंकोरं, स्वयंपाकघर, दवाखाना, सगळं. पण चालवायला पैसेच नाहीत. एक कैदी आत गेला नाही. वर्षानुवर्षं नुसतं राखत बसले, शूटिंगला भाड्यानं दिलं, शेवटी २०१८ मध्ये विकून टाकलं, मग तिथं बेघर लोकांसाठी निवारा सुरू झाला. हे मी मामेभावाला सांगितलं तर तो हसत सुटला, म्हणला, "ताई, आपल्याकडं निदान विकत तर नाहीत, रंग उडेपर्यंत ठेवतात."

समजा पदं पण मिळाली. तरी बिल्डिंगची चावी मिळाली म्हणजे जेल उघडलं असं होत नाही, हे मला वाचूनच कळलं. अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ करेक्शन्स म्हणून सरकारी संस्था आहे, १९७१ मध्ये ॲटिका तुरुंगात जो उठाव झाला त्यानंतर १९७४ ला निघाली, ती काउंट्यांना नवीन जेल प्लॅन कसं करायचं आणि उघडायचं कसं याचं वेगळं ट्रेनिंग देते. उघडायचं वेगळं ट्रेनिंग! त्यांचं म्हणणं, बांधकाम चालू असतानाच जेलचीच काही माणसं बाकीच्या ड्युटीतून मोकळी करा, त्यांनी दुसरं काही करायचं नाही, फक्त हे जेल रोज चालणार कसं ते लिहायचं. सकाळी किती वाजता उघडणार, भाकरी कुठून कुठं जाणार, कोर्टाची गाडी कुठल्या दारातून येणार, चाव्या कुणाकडं. मग नवीन स्टाफला त्याच बिल्डिंगमध्ये रिकामी असताना ट्रेनिंग, खोटा आगीचा अलार्म वाजवून बघायचा, खोटी मारामारी करून बघायची, सगळी कुलपं, सगळे नळ, सगळे संडास एकदम चालू करून बघायचे. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला तर २०२२ मध्ये नवीन जेल सुरू करायच्या आधी साध्या लोकांनाच बोलावलं, काही दिवस कैदी म्हणून राहून बघा, आणि लोकांची झुंबड उडाली. आपल्याकडं फीत कापायला येणाऱ्यांना एक रात्र ठेवून घ्यायला काय हरकत आहे, मे महिन्यात.

चावीचं मी उगं म्हणत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला, लातूर-धाराशिवच्या माणसाला ती वेळ सांगावी लागत नाही. पहाटे चारला जेलात काय असतं? सगळ्या बॅरेकना बाहेरून कुलूप, ड्युटीवर सगळ्यात कमी माणसं, आणि चाव्या नियमाप्रमाणं आत एका पेटीत, पेटीची चावी आणखी कुणाकडं. जमीन हलायला लागली तर पंचवीस बॅरेक कोण उघडणार, कुठल्या क्रमानं, आणि उघडल्यावर पाचशे माणसं तटाच्या आत कुठं उभी करणार की वरून काही पडणार नाही? ते मोकळं अंगण नकाशात आधी पाहिजे, आणि दोन-तीनदा खरोखर करून बघितलेलं पाहिजे, घड्याळ लावून.

माणसं हलवायचा दिवस पण असाच. एका दिवसात सगळे गाडीत कोंबून आणले तर कुणाची औषधं एका जेलात आणि माणूस दुसऱ्या जेलात, कुणाची उद्या तारीख आहे आणि वॉरंट जुन्या ऑफिसातच राहिलं, घरचे जुन्या गेटवर जाऊन बसलेत. टप्प्याटप्प्यानं आणा, आधी थोडे, महिना-पंधरा दिवस चालवून बघा, वकिलांना आणि घरच्यांना आधी कळवा. आणि जे कलम ४७९ मध्ये बसतात त्यांना हलवायच्या आधीच कोर्टापुढं न्या, आणायचा खर्च तरी वाचंल.

हे सगळं मिळून आम्ही काही वकिलांनी एक निवेदन तयार केलंय, जागा ठरवणाऱ्या कमिटीला द्यायला. ड्राफ्ट माझ्याकडं होता. आधी दिवस मोजा, पाण्याचा सोर्स दाखवा, गेटबाहेरचं शेड मूळ अंदाजपत्रकात घ्या, महिला विभागाला त्याचा स्वतःचा दवाखाना द्या, आणि पदनिर्मितीची फाइल बांधकामाच्या फाइलसोबतच पाठवा, असे मुद्दे घातले. शेवटी मी लिहिलं होतं की पदं मंजूर झाल्याशिवाय कोनशिला बसवू नये. आमच्या एका सीनियर काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, "वकीलबाई, बाकी सगळं राहू द्या, तेवढं कोनशिलेचं काढा, नाहीतर वरचं बी कुणी वाचणार नाही," म्हणले, आणि काढायला लावलं. पदांची ओळ ठेवलीय.